दप्तरी मनोरंजन

ज्या मनुष्याने उमेदीची सारी वर्षे आवक-जावक नोंदवहीच्या रकान्यांत घालवली, ज्याने दुष्काळात आणेवारीचे आणि सुकाळात वसुलीचे तक्ते सारख्याच निर्विकार चित्ताने भरले, आणि ज्याच्या निरोपसमारंभात प्रत्येक वक्त्याने ‘आता यांनी मनसोक्त विश्रांती घ्यावी’ अशी शुभेच्छा व्यक्त करताना आपण या गृहस्थाला केवढ्या संकटाच्या स्वाधीन करीत आहोत याचा क्षणभरही विचार केला नाही, त्या मनुष्याने उतारवयात संगणकावरचे खेळ खेळत बसावे, ही गोष्ट आमच्या पेठ गावी अद्याप सर्वांच्या पचनी पडलेली नाही. पेठ हे नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम कडेचे तालुक्याचे ठिकाण. नाशिकहून निघालेला रस्ता सावळघाट आणि कोटंबीचा घाट यांची वळणे पार करून आमच्याकडे येतो आणि तसाच पुढे गुजरातेत धरमपूर-वापीकडे निघून जातो. एके काळी हे लहानसे संस्थान होते. १८७८ साली ते खालसा झाले, आणि तेव्हापासून येथे राजे नाहीत, तरी कागदपत्रे भरपूर आहेत. पाऊस असा कोसळतो की आषाढ-श्रावणात घराबाहेर पडावयास सबळ कारण लागते, आणि निवृत्त माणसाकडे दुसरे सर्व असले तरी नेमके तेवढे नसते.

अशाच एका पावसाळ्यात माझा पुतण्या पुण्याहून आला आणि जाताना आपला जुना लॅपटॉप माझ्या हवाली करून गेला. “काका, हे मारामारीचे गेम नाहीत,” तो मला धीर देत म्हणाला. “यात गोष्ट असते. तुम्हाला वाचायची आवड आहे ना? मग पुस्तकच समजा. फक्त पान उलटायचं ते स्वतः चालत जाऊन.” त्याने पुढे असेही सांगितले की मोठमोठ्या कंपन्यांचे खेळ शेकडो माणसे मिळून बनवतात, तर हे खेळ एकट्यादुकट्याने, फार तर पाच-दहा स्नेह्यांनी मिळून, कित्येकदा पदरमोड करून रचलेले असतात. प्रकाशकाच्या पायऱ्या न झिजवता स्वतःच्या खर्चाने खंडकाव्य छापून मोकळी होणारी कवींची जी एक जमात पूर्वी आपल्याकडे नांदत होती, तिचेच हे वंशज असावेत असे मला वाटले. फरक इतकाच, की यांची खंडकाव्ये खपतात.

या वंशजांची बरीच निर्मिती दृष्टीखालून गेल्यानंतर माझे जे मत बनले, ते येथे नमूद करतो. तलवारबाजी, घोडदौड आणि बंदुकींचा धडाका यांना विटलेल्या जगाने अखेरीस दप्तरखान्याचा आश्रय घेतलेला आहे. या कथाप्रधान खेळांतले जे उत्तम म्हणून गणले जातात, त्यांतले बहुतेक सर्व कागद तपासण्याचे, खण उघडण्याचे, जबाब नोंदवण्याचे आणि मयताचे वारस ठरवण्याचे आहेत. ज्या कामाचा आम्हांला महिन्याच्या पहिल्या तारखेस पगार मिळत असे, ते काम करावयास मिळावे म्हणून अमेरिकेपासून जपानपर्यंतची तरुण मंडळी पदरचे पैसे मोजतात आणि रात्री जागतात, हे आमच्या वेळी कळते तर कचेरीतल्या रिक्त जागांचा प्रश्न कधीच निकालात निघाला असता, आणि वर चार पैसे सरकारजमाही झाले असते.

पहिला खेळ ‘पेपर्स, प्लीज’. २०१३ साली ल्यूकस पोप या जपानात वास्तव्य करणाऱ्या अमेरिकन गृहस्थाने तो एकहाती रचला; देशोदेशीच्या प्रवासात पारपत्र तपासणाऱ्या अधिकाऱ्यांकडे पाहून त्यास ही कल्पना सुचली, आणि अशा रांगेत उभ्या राहिलेल्या इतर कोणासही तीत मनोरंजन दिसले नव्हते, हे लक्षात घेता त्याच्या प्रतिभेविषयी शंका उरत नाही. आर्स्टोट्झ्का नावाचे एक काल्पनिक, दरिद्री आणि हुकूमप्रिय राष्ट्र. साल १९८२, महिना नोव्हेंबर. सोडतीत नाव निघाले म्हणून तुम्हांला सीमेवरच्या नाक्यावर तपासनिसाची नोकरी लागते. रोज सकाळी नवे परिपत्रक, जे कालच्या परिपत्रकास छेद देते. खिडकीपुढे रांग. एकेकाने यावे, पारपत्र, प्रवेशाचा परवाना, कामाचा परवाना असे जे काही असेल ते टेबलावर ठेवावे, आणि तुम्ही नाव, जन्मतारीख, मुदत, मुद्रा, छायाचित्र, उंची आणि वजन एकमेकांशी ताडून पाहून हिरवा किंवा तांबडा शिक्का उमटवावा. वेतन दरडोई. पहिल्या दोन चुकांना नुसती ताकीद, तिसरीपासून दंड. सायंकाळी घरखर्चाचा तक्ता समोर येतो, त्यात भाडे वजा झाल्यावर अन्न, इंधन आणि औषध यांपैकी काय आज टाळायचे हे ठरवायचे. आणि त्या तपासनिसाच्या घरी पत्नी व मुलगा यांच्याबरोबर सासूबाई आणि एक काका हेही राहतात, हे वाचल्यावर त्या अपरिचित राष्ट्राविषयी मला एकाएकी आपुलकी वाटू लागली. मुलाने काढलेले चित्र तुम्ही कामाच्या जागी भिंतीवर टांगले, तर वरिष्ठ पाहणीस आले असता नाराज होतात. या एका तपशिलावरून सांगतो, पोप महाशयांनी कधी ना कधी कोठे तरी नोकरी केलेली आहे.

पुतण्याची अशी अपेक्षा होती की या खेळात माझे काळीज विदीर्ण व्हावे. एका दिवशी रांगेत एक पुरुष येतो. त्याचे कागद यथास्थित असतात. आत जाताना तो विनवतो की माझ्यामागे माझी बायको आहे, तिच्यावर कृपा करा. मागून ती येते, आणि तिच्यापाशी प्रवेशाचा परवाना नसतो. “इथे सगळे थांबतात, काका,” पुतण्याने फोनवर मोठ्या उत्सुकतेने विचारले, “तुम्ही काय केलंत?” मी तिला सोडली. तो दिवसातला माझा पहिलाच प्रमाद होता, म्हणजे ताकिदीवर भागण्यासारखा होता, आणि ताकिदीला पैसे पडत नाहीत. जगातल्या कोणत्याही नियमावलीत दयेसाठी एक-दोन जागा राखून ठेवलेल्या असतात. जुन्याजाणत्या कारकुनाला त्या कोठे आहेत हे ठाऊक असते आणि नवशिक्याला नसते, म्हणून नवशिके एक तर कठोर होतात किंवा निलंबित होतात. त्या दिवशी मी कागद इतक्या सावधपणे तपासले की दुसरी ताकीद शिल्लक राहिली, आणि ती मी एका म्हातारीवर खर्च केली. पुतण्या काही काळ काही बोलला नाही. त्याच्या पिढीला हा खेळ हुकूमशाहीवरचे भाष्य वाटतो. मला ती रजा शिल्लक ठेवून वापरण्याची नेहमीची हातोटी वाटली.

याच रांगेत जॉर्जी कोस्टावा नावाचा एक वयस्क मनुष्य येतो. प्रथम त्याच्याजवळ पारपत्रच नसते. नंतर तो स्वतःच्या हाताने चितारलेले पारपत्र घेऊन येतो, त्यावर कोब्रास्तान या अस्तित्वात नसलेल्या देशाचे नाव लिहिलेले असते, आणि तुम्ही ते नाकारले म्हणजे तो यत्किंचितही न रागावता, पुन्हा येईन असे सांगून हसतमुखाने निघून जातो. पुढे एकदा कागद सुधारून आणतो, तेव्हा अंगझडतीत निषिद्ध माल सापडतो. प्रत्येक कचेरीला असा एक अर्जदार असतो. साहेबांच्या बदल्या होतात, शिपाई निवृत्त होतात, पण तो येतच असतो, आणि एखाद्या महिन्यात फिरकला नाही तर सगळ्या विभागाला चुकल्याचुकल्यासारखे वाटते. राज्याच्या सीमेवरून नेहमी गाडी नेणाऱ्या आमच्याकडच्या एका ट्रकचालकाला मी हा खेळ दाखवला. नाक्यावरच्या खिडकीसमोर उभे राहण्यात त्याचे निम्मे आयुष्य गेलेले. त्याने पडदा निरखून पाहिला, दोन शिक्के स्वतः मारून पाहिले, आणि “साहेब, खिडकीच्या आतून असं दिसतं होय!” असे उद्गार काढून तो चहा तसाच टाकून आणखी तासभर बसला. त्याने एकालाही आत सोडले नाही.

पोप महाशयांचा दुसरा खेळ २०१८ सालचा, ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’, आणि याच्यापुढे मात्र मी हात टेकले. ईस्ट इंडिया कंपनीचे एक गलबत १८०२ साली पूर्वेकडे निघते, केप ऑफ गुड होपला ठरल्याप्रमाणे पोहोचत नाही, आणि १८०७ सालच्या ऑक्टोबरात इंग्लंडातील फॅलमथ बंदरात निर्मनुष्य अवस्थेत परत येऊन ठेपते. त्यावरील ६० इसमांचे काय झाले हे ठरवावयास कंपनी एक विमा-तपासनीस पाठवते, आणि तो म्हणजे आपण. जवळ एक वही आणि एक अद्भुत घड्याळ. प्रेतापाशी, किंवा उरलेल्या हाडांपाशी, घड्याळ उघडले की मृत्यूपूर्वीचे चार शब्द कानी पडतात आणि मृत्यूचा तो क्षण थिजल्यासारखा भोवती उभा राहतो; त्यात हिंडून, पोशाख, बोली आणि कोण कोणाशेजारी उभे आहे ते पाहून वहीत लिहायचे: मयत कोण, मेला कसा, मारला असल्यास कोणी. हा पंचनाम्याचा नमुना आहे. त्यास दुसरे नाव नाही.

आणि तो भरून घेण्याची पद्धतही किती शास्त्रशुद्ध! एकेका नोंदीवर ही वही बरे-वाईट काहीच बोलत नाही. तीन मयतांचे तपशील सर्वांशी अचूक जमले म्हणजेच ती ते कायम करते, जेणेकरून अंदाजपंचे नाव ठोकून नशीब अजमावणाऱ्या उतावळ्या लोकांची सोय होऊ नये. खलाशांच्या झोपण्याच्या झोळ्या एका दालनात ओळीने टांगलेल्या आहेत, प्रत्येक झोळीला क्रमांक आहे, आणि तोच क्रमांक खलाशांच्या यादीत आहे. झोळीबाहेर डोकावणाऱ्या पायांतले जोडे नीट पाहून ठेवावेत आणि तेच जोडे पुढे दुसऱ्या कोणत्या प्रसंगी कोणाच्या पायांत दिसतात ते शोधावे, म्हणजे चीनहून आलेल्या चार जणांपैकी कोणता कोण हे कळते. या एका शोधात माझी रात्र गेली. पहाटे आमच्या सौ. उठून पाहतात तो यजमान पडद्यापाशी नाक नेऊन परक्यांचे जोडे न्याहाळीत बसलेले. “अहो, काय हरवलंय?” त्यांनी विचारले. मी म्हणालो, “माणसं.” त्या पाणी तापवायला निघून गेल्या, एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी याहून वाईट उत्तरे ऐकली आहेत.

माझ्या नोकरीच्या काळात मृत्यूच्या कारणापुढे ‘सर्पदंश’, ‘अंगावर वीज पडून’, ‘पुरात वाहून’ अशा नोंदी मी केल्या. ‘सागरी राक्षसाने चिरडून’ असे लिहिण्याचा योग निवृत्तीनंतर आला. त्या गलबतावर हिंदुस्थानी खलाशीही आहेत. त्यांच्यापैकी दोघे कोणाच्या तलवारीने वा राक्षसाच्या मगरमिठीत न मरता आजाराने, थंडीत, निमूटपणे जातात, आणि ज्यांनी हे कथानक रचले त्यांना कंपनी सरकारचा कारभार पुरता कळला आहे याबद्दल माझी खात्री पटली. सर्वांत बहारीचे म्हणजे अखेरीस वही दाखल केल्यावर कंपनी प्रत्येक मयताचा हिशेब करते: निष्ठेने मेलेल्यांच्या वारसांना भरपाई, आणि बंडात मेलेल्यांच्या मालमत्तेवर दंड. मेलेल्या माणसाकडून दंड वसूल करण्याची ही तजवीज वाचून मी आदराने चष्मा पुसला. हा खेळ काळ्या आणि पांढऱ्या अशा दोनच रंगांत, बारीक ठिपक्यांनी चितारलेला आहे, आणि पावसात गावातली वीज गेल्यावर अंधाऱ्या खोलीत लॅपटॉपची बॅटरी संपेपर्यंत तो खेळण्याची मजा उजेडात येणार नाही.

वारसांच्या शाखेचे आणखी दोन खेळ आहेत, त्यांचा उल्लेख करून पुढे जातो. ‘गॉन होम’ या २०१३ सालच्या खेळात १९९५ सालच्या जूनमधील एका वादळी रात्री अमेरिकेतल्या ऑरेगन प्रांती एक मुलगी परदेशाहून घरी परतते, तो घर रिकामे. मग खण, कपाटे, चिठ्ठ्या उघडत घरच्यांचे काय झाले ते शोधावयाचे. पाऊस, कडकडाट, अंधारे जिने असा सगळा थाट असल्याने शेवटपर्यंत आम्ही उभयता भुताची वाट पाहत होतो. भूत नाहीच. आमच्या सौ.नी “लोकांची कपाटं अशी उघडू नयेत” असे तीनदा बजावले, आणि प्रत्येक वेळी “पण त्या निळ्या पाकिटात काय आहे ते बघा” असेही सुचवले. दुसरा ‘व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच’, २०१७ सालचा. या फिंच घराण्यात कोणी धड म्हातारपणी मरत नाही. जो जातो त्याची खोली कायमची बंद करून टाकतात, पणजीबाई त्या दाराला आत पाहण्यापुरते भोक पाडून ठेवतात, आणि वंशातली शेवटची मुलगी वंशावळ लिहीत खोल्याखोल्यांतून फिरते. इतके मयत आणि फेरफार एकही नाही! कोणता तलाठी त्या सज्जाला होता कोण जाणे. पण त्यातला लुईस नावाचा तरुण मी विसरणार नाही. तो मासळीच्या कारखान्यात कामाला आहे. खेळणाऱ्याचा एक हात माशांची मुंडकी पात्याखाली सरकवीत राहतो, आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने लुईस मनातल्या मनात एका नगरीचा राजा होत जातो, ती नगरी पडद्यावर मोठीमोठी होत मासळीला झाकून टाकते, तरी हात मुंडकी कापतच राहतो. मार्चअखेरीचे तक्ते भरणाऱ्या कोणासही ही विद्या शिकवावी लागत नाही.

‘फायरवॉच’ हा २०१६ सालचा खेळ मी आमच्या ओळखीच्या एका वनरक्षकाला मुद्दाम बोलावून दाखवला. त्यात १९८९ सालच्या उन्हाळ्यात हेन्री नावाचा एक प्रौढ, पत्नीच्या स्मृतिभ्रंशाने खचलेला मनुष्य, अमेरिकेतील वायोमिंगच्या अरण्यात वणव्यावर नजर ठेवण्याची नोकरी पत्करतो. उंच मनोऱ्यावर एकटा राहतो आणि दुसऱ्या मनोऱ्यावरच्या डिलाइला नावाच्या बाईशी दिवसभर वायरलेसवर बोलतो, तिची गाठ मात्र कधी पडत नाही. कथा करुण आहे, अरण्यावरचे ऊन फार सुंदर आहे. आमच्या पाहुण्याने बारकाईने सर्व पाहून तीन शंका काढल्या. एवढ्या जंगलात या माणसाला पाळत ठेवायला एकच डोंगर कसा? वायरलेसवर इतक्या गप्पा मारतो तर साहेबांचा मेमो कसा येत नाही? आणि होळीच्या आगेमागे गावोगावची माणसे नागली-भाताच्या रोपासाठी वाफ्यावर पालापाचोळा टाकून राब भाजतात तेव्हा तो राब की वणवा हे ओळखण्यातच जीव जातो, ते या खेळात कोठे आहे? यावर मी हेन्रीच्या एकाकीपणाकडे त्याचे लक्ष वेधले. तो म्हणाला, “साहेब, एकटेपणा चालंल. पण रात्री पंचनाम्याला पंच कुठून आणायचे, ते इचारा त्याला.”

या खेळांचे भूषण म्हणून जे सांगितले जाते ते निवडीचे स्वातंत्र्य, आणि त्याविषयी मी थोडा साशंक आहे. आमच्या भागात होळीनंतर बोहाडे होतात; संबळाच्या तालावर गणपतीपासून रावणापर्यंतची सोंगे मुखवटे चढवून रात्रभर नाचतात, आणि रावणाला कोणीही पर्याय विचारीत नाही, तरी त्याच्या नाचाला सर्वांत जास्त गर्दी असते. याच्या उलट ‘डिस्को एलिझियम’, एस्टोनियन लेखकमंडळींनी रचलेला २०१९ सालचा खेळ. त्यात नशेने स्मृती गमावलेला एक पोलीस अंमलदार जागा होतो, आणि त्याच्या डोक्यातल्या २४ प्रवृत्ती त्यास एकाच वेळी सल्ला देतात, ज्यात, माझी हयात एका मोठ्या एकत्र कुटुंबात गेली असल्याने, मला काही नवे वाटले नाही. या अंमलदाराची प्रकृती सुरुवातीस तोळामासा ठेवली तर छताच्या पंख्याला अडकलेली नेकटाय ओढून काढण्याच्या श्रमानेच हृदयक्रिया बंद पडून त्याचा अंत होतो. माझा झाला. हा मृत्यू कर्तव्य बजावताना आलेला समजावा किंवा कसे, याविषयी निवृत्तिवेतनाच्या नियमांत स्पष्टता नाही.

आमच्या सौ. स्वतःहून ज्या एकाच खेळाला बसल्या तो ‘वेन्बा’. टोरॉन्टोतल्या ‘विसाई गेम्स’ या छोट्या मंडळीने २०२३ साली तो काढला. १९८० नंतरच्या दशकात कॅनडात जाऊन राहिलेले तमिळ जोडपे, आईने दिलेली पाककृतींची फाटकी वही, पुसट झालेली अक्षरे, आणि त्यावरून अंदाजाने रांधायचे पदार्थ. पहिलीच परीक्षा इडलीची. इडलीपात्रात थाळ्या कशा रचायच्या तेवढे वहीतून गेलेले आहे. मी नियमावली शोधू लागलो, तोवर आमच्या सौ.नी माझा हात बाजूला सारून थाळ्या अशा फिरवल्या की एका थाळीची भोके दुसरीच्या इडल्यांवर आली आणि वाफेला वाट मिळाली. “यात खेळ काय आहे?” त्या म्हणाल्या. पुढे मुलगा मोठा होतो, घरच्या भाषेत विचारले तर इंग्रजीत उत्तर देतो, डबा नको म्हणतो. तेथे आमच्या सौ. त्या मुलावर इतक्या संतापल्या की चहा मागण्याचे धैर्य मला संध्याकाळपर्यंत झाले नाही. मात्र शेवटपर्यंत उठल्या नाहीत. “त्यांना म्हणावं, नागलीची भाकरी थापायचा खेळ काढा,” असा त्यांनी निकाल दिला. “मग बघू कितीजण पास होतात ते.”

आपल्याकडची मंडळी यात मागे नाहीत, हे सांगणे माझे कर्तव्य आहे. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने २०२० साली ‘राजी’ हा खेळ प्रसिद्ध केला. २०१७ साली त्यासाठी लोकवर्गणीचा जो घाट घातला होता तो फसला, तरी मंडळींनी काम सोडले नाही, एवढ्यावरूनच त्यांचे पुणेकरत्व सिद्ध होते. राखीपौर्णिमेच्या सुमारास महाबलासुराची माणसे गोलू नावाच्या मुलास पळवतात, त्याची बहीण राजी दुर्गेने दिलेला त्रिशूळ घेऊन त्याच्या शोधार्थ निघते, आणि दुर्गा व विष्णू वरून तिच्या पराक्रमाविषयी आपसांत चर्चा करतात. महाल देखणे, सावल्यांच्या बाहुल्यांची कथने सुरेख. पण त्यात उड्या फार, शेवट घाईत उरकलेला, आणि सबंध खेळात तपासण्याजोगा एकही कागद नाही. तरण्याताठ्यांनी खेळावा.

माझे खरे सगोत्र भेटले ते दुसऱ्याच दिशेला. आमचे गाव ज्या रस्त्यावर आहे तो रस्ता पुढे वापीला जातो, आणि आमच्या डोंगरांचे पाणी घेऊन निघालेली दमणगंगाही सिल्वासा, वापी करीत दमणच्या समुद्राला मिळते. त्याच वापीनजीक चाला नावाच्या गावी ‘स्टुडिओ ओलिओमिंगस’ नावाचा अगदी लहानसा कारखाना आहे. पाऊस आम्हांला पुरतो आणि पाणी खाली त्यांच्याकडे जाते, याचा मोबदला म्हणून त्यांचे खेळ आम्हांला फुकट मिळत असावेत, अशी माझी समजूत आहे. या मंडळींनी मीर उमरहसन नावाचा एक लेखक कल्पिला आहे. असा कोणी लेखक झालाच नाही, तरीही त्याच्या कथा, त्यांचे अनुवाद आणि त्याभोवतीची विद्वत्तापूर्ण चर्चा यांच्या आधाराने ते खेळ रचतात, आणि एखाद्या बनावट सनदेवर तीन पिढ्या खटला चालावा तसे त्यात गुंगून जायला होते. २०१८ सालच्या त्यांच्या ‘अ म्युझियम ऑफ ड्युबियस स्प्लेंडर्स’मध्ये दालनामागून दालन अवाढव्य वस्तू मांडलेल्या आहेत आणि प्रत्येक वस्तूमागे एक संशयास्पद हकीकत आहे. २०२० सालच्या दुसऱ्या एका खेळात इमारती खाणे हेच एका मनुष्याचे नेमून दिलेले काम आहे. इमारती खाणारे आम्ही पाहिले नाहीत असे नाही. परंतु विटा-चुन्यासकट, उघड्यावर, स्वतःच्या दातांनी खाणारा हा पहिलाच.

राहिला ‘द स्टॅनले पॅरेबल’, २०१३ सालचा. स्टॅनले हा एका प्रचंड कचेरीतला ४२७ क्रमांकाचा कर्मचारी. पडद्यावर आज्ञा येईल त्याप्रमाणे कळा दाबणे हे त्याचे काम, आणि त्यात तो सुखी आहे. एके दिवशी आज्ञा येत नाहीत. तो उठून पाहतो तर सारी कचेरी ओस. मग एक धीरगंभीर निवेदक त्याची कथा सांगू लागतो: दोन दरवाजे आले, स्टॅनले डाव्या दरवाजाने गेला. आपण उजव्याने जावे, निवेदकाने चिडावे, समजूत घालावी, धमकवावे, यात या खेळाची गंमत आहे, असे पुतण्याने सांगितले होते. मी डावीकडे गेलो. तोंडी का होईना, आदेश होता. परिणामी स्टॅनले थोडक्या वेळात मोकळ्या माळावर येऊन मुक्त झाला, निवेदकाने त्याचे अभिनंदन केले, आणि खेळ संपला. पुतण्या फोनवर कळवळला. त्याच्या आग्रहाखातर मी पुन्हा आत शिरलो आणि वाटेत झाडू ठेवण्याची एक कोठडी लागली तिच्यात जाऊन उभा राहिलो. येथे काहीही नाही, असे निवेदकाने बजावले. मी उभाच राहिलो. तो वैतागला, नंतर खेळणारा मनुष्य खुर्चीतच मरण पावला असावा असा निष्कर्ष काढून, दुसऱ्या कोणाला तरी बसवा अशी विनंती करू लागला. दौऱ्यावरचे साहेब निघून जाईपर्यंत आडोशाला उभे राहण्याची ज्यास सवय आहे, त्याला त्यात काही कष्ट पडले नाहीत.

या खेळात काही विक्रम नोंदवले जातात, आणि त्यांतला एक असा आहे की हा खेळ सलग पाच वर्षे खेळू नये. जो खेळणार नाही त्याला विक्रमाचे मानचिन्ह मिळते. जगभरच्या खेळाडूंनी म्हणे घड्याळे पुढे करून, संगणकाच्या तारखा बदलून हे मानचिन्ह लबाडीने पदरात पाडून घेतले. त्या पोरकटपणाशी मला कर्तव्य नाही. मी खेळ रीतसर बंद केला, बंद केल्याची तारीख एका कागदावर लिहून तो कागद लॅपटॉपच्या पिशवीत ठेवला, आणि पिशवी कपाटाच्या वरच्या फळीवर. गेल्या महिन्यात पुतण्याचा फोन आला. “काका, स्टॅनलेचं काय झालं? उजव्या दाराने गेलात का?”

“काम चालू आहे,” मी म्हणालो. “सोमवारी फोन कर.”